सोशिकांसाठी लांबची वाट

दुकानदार गिऱ्हाइकाला ‘मामा’ म्हणायला लागला की गिऱ्हाइकाने काट्याकडे बघावं, हे मी एकतीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. मी वैधमापन खात्यात निरीक्षक होतो, म्हणजे लोकांची वजनमापं तपासणारा. सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, कुठेही बाजाराच्या दिवशी साध्या कपड्यांत जायचं, किलोभर साखर घ्यायची आणि बाहेर येऊन खात्याच्या वजनांनी ती पुन्हा तोलायची, हे माझं काम. त्यामुळे नव्या विमानतळाच्या दारात मनगटावर रबरी पट्टा चढवला गेला आणि कानातल्या बोंडातून “या की ओ मल्लिनाथअप्पा, चहा-बिहा झाला का?” असं थेट आमच्या सोलापूरच्या हेलात ऐकू आलं, तेव्हा मला बरं वाटण्याऐवजी संशयच आला.

पट्ट्यातल्या त्या आवाजाचं नाव ‘वाटाड्या’. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी तो आणला आणि टर्मिनलमधल्या सगळ्या पाट्या उतरवल्या. गेटचे आकडे नाहीत, बाण नाहीत, विमानांच्या वेळांचे फलक नाहीत, भिंतीवर घड्याळसुद्धा नाही. ज्याची वाट त्याच्या मनगटावर. डावीकडे वळायचं असेल तर पट्टा डाव्या बाजूने थरथरतो, थांबायचं असेल तर दोनदा टोचतो, आणि बाकी सगळं कानात गोड बोलून सांगतो.

दारात दिलेल्या पत्रकात त्याचं शास्त्र लिहिलं होतं आणि ते मी चष्मा लावून दोनदा वाचलं. गर्दीतल्या प्रत्येकाने जवळची वाट धरली की तीच वाट तुंबते आणि सगळ्यांनाच उशीर होतो. मात्र दहातल्या दोघांना जरा लांबून फिरवलं, तर उरलेले आठ झपाट्याने पुढे जातात आणि सगळ्यांचा मिळून वेळ वाचतो. छतातले कॅमेरे प्रत्येकाची चाल ओळखतात, यंत्र दर सेकंदाला हिशोब करतं आणि ज्याला त्याला त्याची वाट देतं. गणित मला पटलं. पण त्या दहातले दोघे कोण हे ठरवतं कोण, ते पत्रकात कुठे लिहिलेलं नव्हतं.

मी पाच तास आधी पोचलो होतो. विमान बुधवारी सकाळी अकरा वीसचं, गेट अकराला बंद. ते चुकलं तर पुढचं विमान गुरुवारी, आणि गुरुवारी जाऊन काही उपयोग नव्हता.

माझी एकुलती एक मुलगी शिवलीला हॅम्बुर्गला असते. तिच्या स्वरयंत्रात गाठ निघाली होती आणि गुरुवारी सकाळी डॉक्टर स्वरयंत्रच काढून टाकणार होते. आठ दिवसांपूर्वी तिचा निरोप आला. ‘अप्पा, ऑपरेशननंतर मला मशीनचा आवाज लावतील. त्याआधी तुमच्याशी बोलायचंय. फोनवर नाही. याल का?’

‘फोनवर नाही’ का, ते आम्हा दोघांनाच ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी खोट्या आवाजाच्या फोनांचा नुसता सुळसुळाट झाला होता. कोणाचंही बोलणं पंधरा सेकंद ऐकलं की यंत्र तोच आवाज हुबेहूब काढायचं. आमच्या गल्लीतले हंचाटे मास्तर नातवाच्या रडण्याला फसले होते. अशात एका दुपारी फोन आला, “अप्पा, माझं बाळ गेलं.” तिला सातवा महिना होता. ती रडत होती, शब्द नीट फुटत नव्हते. आणि मी तिला म्हणालो, “आधी सांग, आपल्या जुन्या घराच्या मोरीची फरशी कसल्या रंगाची होती?”

तिचं रडणं थांबलं. मग ती म्हणाली, “लाल. कोपऱ्यात फुटलेली.” आणि तिने फोन ठेवला.

उत्तर बरोबर होतं. त्यानंतर तिने मला कधी फोन केला नाही आणि मी केलेले उचलले नाहीत. तिची आई असती तर फोन तिनेच घेतला असता आणि काही न विचारता बरोबरीने रडली असती. मी तीन वर्षं ती एक दुपार मनातल्या मनात उगाळत बसलो. म्हणून त्या बुधवारी मला ते विमान गाठायचंच होतं.

*

मोठी बॅग सामानाच्या सरकत्या पट्ट्यावरून आत गेली, मी सुरक्षा तपासणीच्या रांगेत लागलो. माझ्यापुढे एक बाई होत्या. साठीच्या आसपास, नऊवारी, खांद्याला कापडी पिशवी, तेवढंच सामान. मागून कोणी घाईचा आला की त्या हसून बाजूला व्हायच्या. “जा बाबा तू पुढं, मला कशाची घाई हाये.” असे सात जण त्यांनी पुढे काढले. शेवटी मला राहवलं नाही.

“ताई, अशाने तुमचा नंबर संध्याकाळी लागेल,” मी म्हणालो.

“लागंल तवा लागंल,” त्या म्हणाल्या. “कुणाकडं चाललात, भाऊ?”

मी परक्या माणसाला स्वतःचं काही सांगत नाही. पण त्यांनी विचारलंच असं की मी सगळं सांगून बसलो. लेकीचा घसा, ऑपरेशन, उद्याची सकाळ. फोनचं तेवढं सांगितलं नाही. त्यांनी मधे एकदाही ‘अरेरे’ म्हटलं नाही, फक्त ऐकलं. त्या नगरच्या वत्सला ठोंबरे. त्याच विमानाने मुलाकडे निघाल्या होत्या, रविवारी नातवाचं बारसं होतं. पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या आणि इंग्रजी अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. “हे पट्ट्याचं बरं हाये,” त्या म्हणाल्या, “माझ्यासारखीला कुणाला काही पुसाया नको.”

तपासणीतून बाहेर पडलो. एकच विमान, एकच गेट, एकच वेळ. तरी त्यांचा पट्टा डावीकडे थरथरला आणि माझा उजवीकडे.

“अप्पा, तुम्ही इकडून चला की. जरा ऐसपैस वाट हाय,” कानात आवाज आला.

ऐसपैस वाट होती खरी. अत्तरांची दुकानं, चामड्याच्या पिशव्यांची दुकानं, मग एक इडलीचं दुकान, मग लांबच लांब सरकता पट्टा, मग पुन्हा दुकानं. वीस मिनिटांनी मी एका इडलीच्या दुकानासमोर आलो. मांडणी तीच, काचेला गेलेला तडाही तोच. मी खिशातली डायरी काढून वेळ लिहिली, सात पंचेचाळीस. बरोबर पस्तीस मिनिटांनी वाटाड्याने मला तिसऱ्यांदा त्याच तडा गेलेल्या काचेसमोर आणलं.

दुसरा कोणी असता तर तिथेच भांडला असता. मी हरखलो. एकतीस वर्षांनी मला चोर सापडला होता.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. निरीक्षक म्हणून ताठ मानेने गेलात तर कोणताही दुकानदार माप चोख देतो. चोरी पकडायची तर बावळट गिऱ्हाईक होऊन जावं लागतं. खांदे पाडायचे, काट्याकडे बघायचं नाही, काहीही दिलं तरी ‘चालेल, चालेल’ म्हणायचं. काटा सगळ्यांना मारत नाहीत, जो बघत नाही त्याला मारतात. हे सोंग मला इतकं साधलं होतं की खात्यातले लोक मला ‘गरीब गाय’ म्हणायचे.

तेच मी केलं. खांदे पाडले, पाय ओढत चालू लागलो. वाटाड्या म्हणाला, “जरा बसता का?” मी बसलो. तो म्हणाला, “आता पलीकडनं फिरून येऊ,” मी म्हणालो, “चालेल की.” माणसं धक्का देऊन पुढे गेली, मी बाजूला झालो. दर फेरीला डायरीत वेळ, पावलं आणि ठिकाण लिहीत गेलो. पुरावा असा साचत होता की जुना साहेब असता तर पाठ थोपटली असती.

साडेनऊला इडलीच्या दुकानाशी ठोंबरेबाई पुन्हा भेटल्या. त्याही दोनदा फिरल्या होत्या, पण आता वाटाड्या त्यांना गेटच्या दिशेने सरळ न्यायला लागला होता. “भाऊ, हे म्हणतंय जवळच हाये. येताय का?” त्यांनी विचारलं. माझा पट्टा उलट्या बाजूने थरथरत होता. मी म्हणालो, “तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.” मला अजून एक फेरी नोंदवायची होती. स्वतःच्या हुशारीचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नसेल, पण तो नंतर आला.

*

दहा वीसला मी घड्याळ पाहिलं. डायरीची सात पानं भरली होती आणि गेट कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. ज्याला विचारावं त्याचा पट्टा त्याला त्याचीच वाट सांगणार. एका कोपऱ्यात मदतकक्ष दिसला. काउंटरमागे कवठेकर नावाचे एक पन्नाशीचे गृहस्थ डबा उघडण्याच्या बेतात होते.

मी डायरी पुढे केली आणि खात्यातला आवाज काढला. “या यंत्राची पडताळणी कोणी केली? दाखला कुठे आहे?”

“कसला दाखला, आजोबा?”

“बाजारातल्या साध्या काट्यालाही शिक्का लागतो. हे यंत्र माणसांचा वेळ मोजून देतं. ह्याचा शिक्का दाखवा.”

कवठेकरांनी डबा बाजूला सारला. माणूस वाईट नव्हता. त्यांना वाटलं म्हातारा घाबरलाय, समजूत काढावी. त्यांनी माझा पट्टा त्यांच्या यंत्रावर टेकवला आणि पडदा माझ्याकडे वळवला. “हे बघा, तुमचं किती छान आहे. सोशिकता चौऱ्याण्णव. शंभरात चौऱ्याण्णव हं. माझ्या सासऱ्यांची एकसष्ट आली होती.”

“सोशिकता म्हणजे?”

“शांत प्रवासी. वाट लांबली तरी चाल बदलत नाही, घड्याळ बघत नाही, कोणाला ढकलत नाही, तक्रारीचं बटण दाबत नाही. कॅमेऱ्यांना हे सगळं कळतं. कोणीतरी लांबून जायचंच असतं ना, मग ज्याला चालतं त्याला पाठवायचं. हे कोणी मुद्दाम शिकवलेलं नाही बरं का. यंत्राला एवढंच सांगितलं होतं की तक्रारी कमी व्हायला हव्यात. बाकीचं त्याचं ते शिकलं.”

मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. आता न रडणारी मुलं वेगळी काढून ठेवणारी आई कोणीतरी तयार केली होती.

“आणि माझं विमान?” मी विचारलं.

“मिळेल की. एखादं तिकीट जास्त विकलेलं असतंच सगळ्या विमानांना, पण कोणीतरी उशिरा येतंच. गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे जागा नाही म्हणून दारातून एकही माणूस परत गेलेला नाही.” हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

ज्या दुकानाचं माप दोन वर्षांत एका ग्रॅमनेही चुकत नाही, त्या दुकानात मी सगळ्यांत आधी जायचो. मी काउंटरला टेकून उभा राहिलो आणि हिशोब आपोआप जुळत गेला. प्रवासी वेळेत आला आणि जागा नसली, तर कायद्याने कंपनीने त्याला लेखी कारण द्यायचं, पुढच्या विमानात पक्की जागा द्यायची आणि राहायची सोय करायची. प्रवासी उशिरा आला तर मात्र चूक त्याची, तिकीट बुडालं. मग जास्तीचा एक माणूस उशिराच आला तर सगळ्यांचीच सोय होते. आणि कोणाला उशीर करायचा हे ठरवणारं यंत्र त्याच्याच मनगटावर बसलेलं असतं.

आजचा तो माणूस मी होतो. मी सोंग घेऊन काटा तपासायला गेलो होतो, आणि तो काटा सोंगच तोलत होता.

*

दहा पस्तीस झाले होते. मी कवठेकरांना नमस्कारही न करता निघालो आणि आयुष्यात जे कधी केलं नाही ते केलं. समोरून येणाऱ्या एका कुटुंबाच्या मधून घुसलो. “बाजूला व्हा, दिसत नाही का?” असं एका गरोदर बाईवर खेकसलो. पट्ट्यावरचं तक्रारीचं लाल बटण सहा वेळा दाबलं. छताकडे मान वर करून, अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून, मला आठवतील त्या सगळ्या सोलापुरी शिव्या दिल्या. माणसं थबकून बघायला लागली. मला लाज वाटत होती आणि मी थांबत नव्हतो.

कानातला सोलापुरी हेल पार नाहीसा झाला. “श्री. बिराजदार, आपल्यासाठी जवळचा मार्ग उपलब्ध आहे,” आवाज म्हणाला.

पट्टा डावीकडे थरथरला. दोन दुकानांच्या मधे एक दार होतं, ज्याच्यासमोरून मी चार वेळा गेलो होतो आणि जे मला भिंत वाटलं होतं. ते उघडलं. आत रिकामा रुंद रस्ता, आणि त्याच्या टोकाला गेट. चालत जायला मला सहा मिनिटं लागली. तीन तास मी ह्याच सहा मिनिटांभोवती फिरत होतो.

गेटवर एक तरुण अधिकारी उभी होती, छातीवर ‘केतकी राजाध्यक्ष’ अशी पट्टी. बाकी सगळे आत गेलेले. तिने माझा पट्टा टेकवून घेतला. “बिराजदार, सत्तावीस सी. या, तुमच्यासाठीच थांबलोय.”

मी आत पाऊल टाकणार होतो. खरं सांगतो, टाकलंच होतं. मग विचारलं, “ठोंबरेबाई बसल्या का? नऊवारीतल्या?”

तिने पडदा पाहिला. “नाही. त्या उशिरा आल्या.”

माझ्या घड्याळात दहा एकावन्न झाले होते. “गेट अकराला बंद होतं. अजून नऊ मिनिटं आहेत. उशिरा आल्या हे तुम्हाला आत्ताच कसं कळलं?”

मी पडद्यावर वाकलो. ठोंबरे वत्सला, सोशिकता एक्क्याण्णव, अनुपस्थित, प्रवाशाची चूक. साडेनऊला ती बाई गेटच्या वाटेवर होती. मी बोंब मारली आणि यंत्राने मला सोडून दुसरं माणूस उचललं. तिची सोशिकता खरी होती आणि माझं सोंग तिच्यापेक्षा तीन गुणांनी जास्त वठलं होतं, म्हणून सकाळपासून ती वाचली होती.

“त्यांना आणा,” मी म्हणालो.

“आजोबा, आत चला. नाहीतर तुमचंही विमान जाईल.”

“माझी बॅग विमानाच्या पोटात आहे. माझी हजेरी तुम्ही आत्ता टेकवून घेतलीत. बॅग आत आणि माणूस बाहेर असेल तर विमान हलत नाही. बॅग शोधून उतरवायला तुम्हाला पाऊण तास लागेल. मी इथे उभा आहे.”

तिने मला उचलून आत टाकलं असतं तरी मी मनातून सुटलोच असतो. तिने पोलीस बोलावले असते तर शिवलीलाचा आवाज गेला होता. एका अनोळखी बाईसाठी मी हे का करतोय, असं मी स्वतःला विचारत होतो. जन्मभर दुसऱ्याच्या पिशवीतली साखर तोलत आलो, ती सवय असेल. दुसरं काही कारण मला तेव्हा सापडलं नाही.

केतकीने कानातल्या यंत्रात कोणाशी तरी हळू आवाजात बोलून घेतलं. चार मिनिटांत ठोंबरेबाई आल्या, किंचित धापा टाकत. “मला म्हणलं, इथं बसा, बोलावतो. बसले होते बापडी,” त्या म्हणाल्या. “झालं काय, भाऊ?”

झालं काय ते केतकीनेच सांगितलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. “जागा एकच आहे. माणसं दोन. आता सांगा कोणाला नेऊ?”

“आत विचारा. कोणी राजीखुशीने उतरतंय का,” मी म्हणालो.

आत घोषणा झाली. आम्ही तिघं दाराशी उभे राहून ऐकत होतो. कोणी उतरलं नाही.

“भाऊ, तुम्ही जा,” ठोंबरेबाई म्हणाल्या. “तुमची पोरगी वाट पाहती. माझं बारसं रविवारी हाये, मी उद्या जाईन.”

मी नको म्हणायला हवं होतं. आपल्याकडे कोणी चहा विचारला तरी आधी दोनदा नको म्हणायची रीत आहे. मी एकदाही म्हणालो नाही.

मी एवढंच केलं की केतकीकडून कागद लिहून घेतला. प्रवासी वेळेत हजर, जागा उपलब्ध नाही, उद्याच्या विमानात जागा पक्की, तोवर राहण्याजेवण्याची सोय कंपनीची. सही, वेळ आणि शिक्का. ती म्हणाली गेटवर शिक्का नसतो. मी उभाच राहिलो. ड्रॉवरमधून शिक्का निघाला. कागद ठोंबरेबाईंच्या पिशवीत घातला, त्यांच्या मुलाचा नंबर घेतला, त्यांना वाकून नमस्कार केला आणि आत गेलो. त्या अवघडल्या. “असं काय करता,” म्हणाल्या.

दोन वर्षांत त्या दारातून परत गेलेलं ते पहिलं माणूस.

*

दुसऱ्या दिवशी ठोंबरेबाई सुखरूप पोचल्या, हे इथेच सांगून टाकतो. त्यांच्या मुलाने बारशाचा फोटो पाठवला. तक्रारही मी रीतसर केली आहे. डायरीच्या पानांच्या प्रती जोडल्या आहेत, चौकशी चालू असल्याचं उत्तर आलं आहे.

पण विमानात सत्तावीस सीवर बसल्यावर एक शंका मनात शिरली, ती अजून निघालेली नाही. ठोंबरेबाईंना चार मिनिटांत आणलं ते माझ्या हट्टाला घाबरून, असं मी धरून चाललो होतो. पण यंत्राला तर पहाटेपासून ती बाई वाचता येत होती. सात जणांना पुढे काढताना त्याने तिला पाहिलं होतं. तिला दारात आणून उभी केली की ती आपण होऊन जागा सोडेल, विमान वेळेवर सुटेल आणि तक्रार करणारा म्हातारा गप्प आत जाऊन बसेल, हे त्याला आधीच कळलं असेल तर? आणि तसं असेल, तर मी नको म्हणणार नाही, हेही त्याला माझ्या चालीवरून कळलं असणार. नऊ तास मी त्याच विचारात बसलो होतो. ट्रेमध्ये आलेलं जेवण तसंच परत गेलं.

हॅम्बुर्गला उतरलो तेव्हा तिथे संध्याकाळचे पाच वाजले होते. तिथला विमानतळ जुना होता, जागोजाग पाट्या होत्या. जावईबापू न्यायला आले होते. आमच्यात तीन वर्षांचं न बोलणं होतं आणि मोटारीतही ते तसंच राहिलं. दवाखान्यात सातव्या मजल्यावर एका दारापाशी ते थांबले आणि म्हणाले, “आठपर्यंत बसता येईल. मी बाहेर आहे.”

शिवलीला खाटेवर उशीला टेकून बसली होती. वाळली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. जो आवाज आला तो मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. जाड, घोगरा, मधेच तुटणारा, एखाद्या म्हाताऱ्या पुरुषाचा असावा तसा. गाठीने तो आधीच खाल्ला होता. मी ज्या आवाजासाठी त्या बाईची जागा घेऊन आलो तो कित्येक महिन्यांपूर्वीच गेला होता आणि तिने मला ते कळवलं नव्हतं.

“अप्पा,” ती म्हणाली, “बाळाचं सांगायचं होतं. त्या दिवशी राहून गेलं.”

मी खुर्ची ओढून तिच्या जवळ घेतली. तिचा हात हातात घ्यावासा वाटला, पण तिने तो अजून पुढे केला नव्हता.

“सांग,” मी म्हणालो.

तिने सांगितलं. मुलगी होती. नखं पूर्ण आली होती. नर्सने तिला पिवळ्या दुपट्यात गुंडाळून तासभर हिच्याजवळ ठेवलं होतं आणि त्या तासात हिने मला फोन लावला होता. बोलताना शब्द अडकायचा, ती घोटभर पाणी प्यायची, पुन्हा बोलायची. काही शब्द मला कळले, काही नाही. आठ वाजता नर्स दार उघडून आत आली, तोपर्यंत ती बोलत होती, आणि मी तिला एकही प्रश्न विचारला नाही.